वायर गेली, पण धोका कुठे गेला?

शाळेच्या कार्यानुभवाच्या कपाटात पूर्वी हातोडी, पक्कड, करवत, स्क्रूड्रायव्हर आणि फार तर हाताने फिरवायचे एखादे ड्रिल असे. आता अनेक ठिकाणी त्यांच्या शेजारी बॅटरीवर चालणारे ड्रिल दिसते. विज्ञान प्रदर्शनाची मांडणी उभी करायची असो, की बाकाचा सैल झालेला स्क्रू पिळायचा असो, हे अवजार पटकन हाती घेतले जाते. त्याला वायर नाही, म्हणून शॉक बसायची भीती नाही आणि म्हणून ते मुलांच्या हाती निर्धास्तपणे द्यावे, असा समज होणे स्वाभाविक आहे.

हा समज अर्धाच खरा आहे. खोक्यात मिळणाऱ्या माहितीपत्रकात पंधरा-वीस सूचना असतात, पण त्यांची कारणे सहसा नसतात. कारण न कळलेली सूचना फार दिवस पाळली जात नाही, हा आपणा शिक्षकांचा रोजचाच अनुभव. यातील बहुतेक सूचनांमागे इतिहास आहे. कुणाचे तरी काम अडले, कुणाचा हात दुखावला, त्यावर उपाय निघाला आणि त्या उपायातून पुन्हा नवी अडचण उभी राहिली. हा इतिहास समजून घेतला, तर सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत.

तीन जुने प्रश्न

भोक पाडणाऱ्या कोणत्याही अवजाराला तीन प्रश्न सोडवावे लागतात. पहिला, फिरवण्यासाठी ऊर्जा कुठून आणायची? दुसरा, कोरून निघालेला चुरा बाहेर कसा काढायचा? आणि तिसरा, टोक पदार्थाला ज्या जोराने पिळते त्याच जोराने पदार्थ टोकाला उलटा पिळतो, हा उलटा पीळ कोणी सोसायचा? तिसरा प्रश्न म्हणजे न्यूटनचा तिसरा नियमच. न्यूटनच्या हजारो वर्षे आधीपासून कारागीर तो आपल्या मनगटात अनुभवत होते.

बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे नवाश्मयुगीन दफनांत छिद्रे पाडलेले दात सापडले. हा शोध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीच्या नऊ व्यक्तींच्या अकरा दाढांना जिवंतपणीच छिद्रे पाडलेली होती. मणी कोरणाऱ्या कारागिरांचेच चकमकीच्या टोकाचे, धनुष्याने फिरवायचे अवजार यासाठी वापरले असावे, असे संशोधकांचे मत आहे. पुढे हडप्पा संस्कृतीतील कारागिरांनी कार्नेलियन या अतिशय कठीण दगडाचे लांबट मणी आरपार कोरले. त्यांच्या पद्धतीने प्रयोग करून पाहणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना आढळले, की तासाभरात जेमतेम अडीच मिलिमीटर खोली गाठता येते. म्हणजे सहा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्यासाठी नुसते कोरण्याचेच काम चोवीस तासांचे! गुजरातेत खंबायतचे मणी करणारे कारागीर टोकाला हिऱ्याच्या कणी बसवून हेच धनुष्याचे तंत्र आपल्या काळापर्यंत वापरत आले आहेत.

आपल्या गावच्या सुताराचा सामता हा याच घराण्यातला. लाकडी दांड्याला दोरीचा वेढा, दोरीची टोके धनुकलीला बांधलेली, दांड्याच्या डोक्यावर तळहाताखाली धरायची वाटी आणि खाली पोलादी टोक. धनुकली पुढे-मागे ओढली की टोक आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरते. काम सावकाश होते. पण सामत्यात एक मोठा गुण आहे. टोक लाकडात अडकले तर दोरी दांड्यावरून नुसती घसरते आणि कारागिराचे मनगट पिळले जात नाही. ही घसरणारी दोरी लक्षात ठेवू या, कारण पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

पिळाच्या खोबणी

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे चुऱ्याचे, उत्तर बरेच उशिरा मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धातूला भोक पाडण्याची टोके चपटी असत. ती चुरा बाहेर आणत नसत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टीफन मॉर्स यांनी नागमोडी खोबणी असलेले बिट तयार केले आणि १८६३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आज कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे बिट त्याचेच वंशज आहे. बिटाचे टोक कापते आणि खोबणी जिन्यासारखे काम करून चुरा वर आणते.

मात्र या जिन्यालाही मर्यादा आहे. भोक खोल गेले की खोबणी चुऱ्याने भरतात, घर्षण वाढते, बिट तापते आणि शेवटी अडकते. बिट बोथट असेल तर ते कापण्याऐवजी घासत राहते आणि मग आपण अधिक जोराने रेटतो. त्यामुळे पातळ बिट मोडते किंवा भोक आरपार होताच हात एकदम पुढे जातो. ‘बिट धारदार ठेवा, फिरते असतानाच मधूनमधून बाहेर काढून चुरा झाडा, अंगाचा भार टाकू नका’ या तिन्ही सूचनांचे मूळ हे आहे.

वीज आली, बोट चापावर आले

ऊर्जेच्या प्रश्नाला नवे उत्तर मिळाले ते विजेच्या मोटारीने. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे आर्थर जेम्स आर्नॉट आणि विल्यम ब्लँच ब्रेन यांनी १८८९ मध्ये विजेच्या ड्रिलचे पेटंट घेतले. ते खडक आणि कोळसा फोडण्यासाठी होते, हातात धरून फिरण्याजोगे नव्हते. जर्मनीत श्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्याने १८९५ मध्ये हाती धरता येईल असे विजेचे ड्रिल तयार केले. ते जड होते आणि दोन्ही हातांनी पेलावे लागे.

बिट पकडणारा जबडा, म्हणजे चक, हाही तेव्हा त्रासदायकच होता. जुन्या चकवर बोटांची सालटी निघाल्याने आर्थर जेकब्ज या अमेरिकी कारागिराने नव्या चकचा विचार केला, असे सांगतात. त्याला १९०२ मध्ये पेटंट मिळाले. दातेरी किल्लीने आवळायचा हा चक जगभर पसरला. पण या उपायाबरोबर नवी अडचण आली. किल्ली चकमध्येच विसरून यंत्र सुरू केले, तर ती गोफणीतल्या दगडासारखी भिरकावली जाते. आजच्या बॅटरीच्या ड्रिलला बहुधा हातानेच आवळायचा, बिनकिल्लीचा चक असतो. त्यामुळे किल्लीचा धोका टळला, पण हाताने नीट न आवळलेले बिट सैल होऊन घसरते. चक सुरू असताना मुठीत धरून बिट आवळण्याची सवय काहींना असते. तीही हाताला महागात पडते.

बाल्टिमोरच्या डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांना १९१७ मध्ये ज्या ड्रिलचे पेटंट मिळाले, त्याला पिस्तुलासारखी मूठ होती आणि बोटाखाली चाप होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा चाप फार महत्त्वाचा आहे. यंत्र चालू राहण्यासाठी माणसाने काहीतरी करत राहावे लागते. दचकून हात सुटला, की यंत्र थांबते. म्हणूनच चाप दोरीने किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवणे म्हणजे त्या ड्रिलमधला सर्वांत उपयोगी भाग काढून टाकणेच होय.

वायर तुटली

बिनवायरचे ड्रिल होण्यासाठी पुन्हा पुन्हा चार्ज होणारी, कशीही धरली तरी न सांडणारी बॅटरी हवी होती. निकेल-कॅडमियम बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये शोधली होती. तिची पूर्ण बंदिस्त आवृत्ती दुसऱ्या महायुद्धानंतर आली. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये या बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. जपानच्या माकिता कंपनीने आपले पहिले चार्ज होणारे ड्रिल १९६९ मध्ये काढले आणि १९७८ मध्ये तिचे निकेल-कॅडमियम बॅटरीचे ड्रिल आले.

अंतराळ मोहिमांसाठी नासाने बिनवायरचे ड्रिल शोधले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. वर्षांचा क्रम पाहिला की ती टिकत नाही, कारण ड्रिल आधी आले आणि नासाने ते नंतर आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतले. हे बदल मात्र आपल्या विषयासाठी फार बोलके आहेत. जेमिनी मोहिमांच्या काळात याच कंपनीने असा पाना बनवला, की वजनरहित अवस्थेत बोल्ट पिळताना अंतराळवीर स्वतःच उलटा फिरू नये. पृथ्वीवर आपले पाय जमिनीला घट्ट असतात, म्हणून उलटा पीळ आपल्या ध्यानात येत नाही. अंतराळात तो लपत नाही.

चंद्रावर अडकलेले ड्रिल

अपोलो १५ मोहिमेत, १९७१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन यांच्याजवळ चंद्राच्या जमिनीत भोक पाडणारे बॅटरीचे ड्रिल होते. बॅटरी चांदी-जस्ताची होती. चंद्राच्या पोटातून किती उष्णता बाहेर येते हे मोजण्यासाठी सुमारे तीन मीटर खोलीची दोन भोके हवी होती. दोन्ही भोके अर्धवट राहिली.

याचे कारण बॅटरी नव्हते. लांब दांडा अनेक तुकडे जोडून केलेला होता आणि जोडांपाशी नागमोडी खोबणी खंडित झाली होती. वर येणारा चुरा तिथे अडे आणि दाबून घट्ट बसे. मॉर्स यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न चंद्रावर पुन्हा उभा राहिला! त्याच मोहिमेत मातीचा नमुना घेणारी सुमारे अडीच मीटरची नळीही अशी रुतून बसली, की ती उपसताना दोघांचीही दमछाक झाली. चंद्रावर माणसाचे वजन एक षष्ठांश होते, त्यामुळे बुटांची जमिनीवरची पकडही तेवढीच कमी.

पुढच्या मोहिमेसाठी जोडांची रचना बदलली. अपोलो १६ मध्ये १९७२ साली ड्रिलने आपले काम नीट केले, पण जॉन यंग यांचा पाय उष्णतामापकाच्या केबलमध्ये अडकून ती तुटली आणि प्रयोग वाया गेला. त्याच वर्षी डिसेंबरात अपोलो १७ मध्ये मोजमाप यशस्वी झाले. नळी उपसण्यासाठी त्या वेळी खास जॅक नेला होता. आपल्या कार्यशाळेलाही यातून शिकण्यासारखे आहे. काम सुरू करण्यापूर्वी पायाखालच्या वायरी आणि पसारा आवरावा, आणि अडकलेले बिट हिसके देऊन न ओढता ड्रिल थांबवावे, दिशा उलटी करावी आणि सावकाश बाहेर घ्यावे.

कॅडमियमकडून लिथियमकडे

निकेल-कॅडमियम बॅटरीने बिनवायरच्या अवजारांना जन्म दिला खरा, पण कॅडमियम विषारी आहे. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा आजार पसरला. त्याचे कारण जपान सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. युरोपीय संघाने २००६ मध्ये हाती वापरायच्या उपकरणांतील अशा बॅटऱ्यांवर निर्बंध घातले. बिनवायरच्या अवजारांना दिलेली सवलत २०१६ अखेर संपली.

तोवर पर्याय तयार झाला होता. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात लिथियम धातूची चार्ज होणारी बॅटरी बनवली. पण चार्ज करताना लिथियमचे केसासारखे तंतू वाढून आतल्या आत शॉर्टसर्किट होई आणि आगीचा धोका उद्भवे. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचा ध्रुव वापरला, तर अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये शुद्ध लिथियम धातूऐवजी कार्बनयुक्त पदार्थ वापरून बॅटरी सुरक्षित केली. योशिनो यांनी बॅटरीवर जड लोखंडी ठोकळा टाकून पाहिला. त्यांची नवी बॅटरी शांत राहिली, मात्र लिथियम धातूची बॅटरी भडकली. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, अमेरिकेतील मिलवॉकी कंपनीने २००५ मध्ये ती मोठ्या हाती अवजारांत बसवली आणि २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

या बदलामुळे एक जुनी सूचना कालबाह्य झाली आहे. ‘बॅटरी पूर्ण संपवल्याशिवाय चार्ज करू नका’ हे निकेल-कॅडमियमच्या काळचे सांगणे. लिथियम-आयनला त्याची गरज नाही, उलट ती पूर्ण निचरून तशीच महिनोन्महिने ठेवली तर खराब होते. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी ती साधारण निम्मी भरलेली ठेवून, ड्रिलमधून काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावी. बहुतेक उत्पादक सुमारे ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात चार्ज करू नका असे सांगतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हे तापमान सहज ओलांडले जाते. अशा वेळी चार्जिंग सकाळी उरकावे, आणि तेही कोणी आसपास असताना.

मग धोका कुठे गेला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वायर गेल्याने तिच्या तुटक्या आवरणातून बसणारा शॉक टळला आणि वायरीत पाय अडकणेही टळले. पण वायरीबरोबर एक सोयही गेली. वायरीच्या ड्रिलचा प्लग काढला की ते मृत होते आणि हे कोणालाही दुरून दिसते. बॅटरीचे ड्रिल टेबलावर नुसते पडलेले असतानाही सदैव ‘प्लग लावलेले’ असते. म्हणून बिट बदलण्यापूर्वी, साफ करण्यापूर्वी किंवा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी बॅटरी काढावी. निदान दिशा बदलणारी कळ मधोमध आणावी, म्हणजे चाप दाबला जात नाही. आम्हांला वाटते, की एकच नियम शिकवायचा असेल तर हा शिकवावा.

वायरीतून येणारी ऊर्जा आता मुठीखाली साठलेली असते. ती किती, याचा हिशेब करू. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तासाच्या बॅटरीत १८ × २ = ३६ वॉट-तास, म्हणजे ३६ × ३,६०० = १,२९,६०० ज्यूल ऊर्जा असते. ५० किलोग्रॅम वजनाच्या विद्यार्थ्याला सुमारे २६४ मीटर उंच उचलायला, म्हणजे कुतुबमिनारच्या साडेतीन पट उंचीवर न्यायला, ती पुरेल. सुटी बॅटरी खिळे-स्क्रूंच्या डब्यात टाकली आणि तिची टोके एखाद्या खिळ्याने जोडली गेली, तर हीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडू लागते. म्हणून टोकांवर झाकण असावे. फुगलेली, चेपलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी चार्ज करू नये, उघडूही नये. ती कचऱ्याच्या पेटीत न टाकता संकलन केंद्रात किंवा विक्रेत्याकडे द्यावी. अशा बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी भारतात २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

उलटा पीळही गेलेला नाही, उलट वाढला आहे. समजा ड्रिलचा पीळ ३० न्यूटन-मीटर आहे आणि मूठ अक्षापासून १० सेंटिमीटरवर आहे. बिट अचानक अडकले तर मुठीवर ३० ÷ ०.१ = ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतका झटका बसेल. २० सेंटिमीटर लांबीची बाजूची मूठ लावून दुसऱ्या हाताने धरले, तर तोच झटका निम्मा होतो. ड्रिलबरोबर आलेली ही मूठ पुष्कळदा खोक्यातच राहते.

चकमागच्या आकड्यांच्या कड्याकडे पाहा. तो क्लच आहे. ठरावीक पिळापलीकडे तो कटकट आवाज करीत घसरतो. सामत्याची घसरणारी दोरी इथे पुन्हा भेटते! स्क्रू पिळताना लहान आकड्यापासून सुरुवात करावी आणि गरजेपुरतेच वाढवावे. कडे बिटाच्या चित्रावर आणले की क्लच निकामी होतो आणि सारा पीळ हातावर येतो, हे ध्यानात असू द्यावे.

ज्या वस्तूला भोक पाडायचे तिच्यावरही तोच पीळ येतो. हातात धरलेली पत्र्याची पट्टी पंख्याच्या पात्यासारखी गरकन फिरते. म्हणून वस्तू क्लॅम्पने किंवा व्हाइसमध्ये आवळावी, खाली टाकाऊ लाकूड ठेवावे आणि धातूवर आधी सेंटर पंचने खूण करावी, म्हणजे बिट घसरत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. हातमोजे, ओढणी, पदर, मोकळे केस आणि सैल बाह्या मात्र फिरत्या बिटापासून दूर हव्यात, कारण ते गुंडाळले जातात आणि ड्रिल हाताला आपल्याकडे ओढून घेते.

भिंतीला भोक पाडताना शॉकची भीतीही संपलेली नाही. ड्रिल १८ व्होल्टचे असले तरी भिंतीतली वायर २३० व्होल्टची असते. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक टाळावे आणि शंका असल्यास मेन स्विच बंद करावा. बिनवायरचे ड्रिल असल्याने मेन स्विच बंद ठेवूनही काम करता येते. वायर नसल्याचा हा खरा फायदा आपण क्वचितच घेतो.

देखभाल थोडकी आहे. बॅटरी काढून हवेच्या फटींतील धूळ मऊ ब्रशने झाडावी, कारण फटी बुजल्या की मोटार तापते. बॅटरीची व चार्जरची टोके कोरड्या फडक्याने पुसावीत. चकचे जबडे पूर्ण उघडून उलटे करून चुरा झाडावा. ज्या मोटारीत कार्बनचे ब्रश असतात, तिच्यात ठिणग्या पडतात, म्हणून थिनर किंवा पेट्रोलची वाफ असेल तिथे ड्रिल चालवू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

बॅटरी काढलेले ड्रिल आठवी-नववीच्या मुलांच्या हाती द्या. अक्षापासून मुठीचे अंतर मोजायला सांगा आणि माहितीपत्रकातील टॉर्क घेऊन झटक्याचा हिशेब करवा. लिथियम-आयनचा एक सेल सुमारे ३.६ व्होल्टचा आणि निकेल-कॅडमियमचा १.२ व्होल्टचा, तर १८ व्होल्टसाठी प्रत्येकी किती सेल लागतील? पाच आणि पंधरा ही उत्तरे मिळाली, की नव्या ड्रिलचे वजन कसे घटले हेही मुले आपण होऊन सांगतील. गावात जुना सामता असेल तर सुतारकाकांना वर्गात बोलवा. दोरी घसरताना मुलांना पाहू द्या आणि मग ड्रिलच्या क्लचचे कडे हाताने फिरवून दाखवा. एवढे झाल्यावर माहितीपत्रकातील सूचना वाचायला द्या आणि प्रत्येक सूचनेपुढे तिचे कारण मुलांनाच लिहू द्या. जिचे कारण त्यांना लिहिता येणार नाही, तिथून पुढचा तास सुरू करता येईल.